थांबाकाका

थांबाकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आमच्या हॉस्पिटलात कोणी नव्हतं. कोणीही एखादी वायर किंवा पेनड्राइव्ह घेऊन लॅबमधल्या कॉम्प्युटरकडे निघालं, की ज्या कोपऱ्यात असतील तिथून काकांचा आवाज यायचा, "थांबा!" पीटीच्या मास्तरांनी शिट्टी फुंकावी तसा माणूस जागच्या जागी उभा राहायचा. मग काका चष्मा कपाळावर चढवत सावकाश यायचे आणि विचारायचे, "काय जोडताय? आणि कोणाला जोडताय?" याची उत्तरं दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. डॉक्टरसुद्धा यातून सुटले नव्हते. "माझ्याच हॉस्पिटलात मला परवाना लागतो," असं ते कुरकुरायचे, पण पेनड्राइव्ह हातात धरून थांबायचे.

मी तेव्हा तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या बाजूला असलेल्या एका लहानशा ट्रस्ट हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. राहायला डहाणूला. सकाळच्या एसटीने यायचं, संध्याकाळच्या एसटीने परतायचं. लॅब म्हणजे एक खोली, एक मायक्रोस्कोप, एक फ्रिज आणि दोन मशीनं. एक रक्तातल्या पेशी मोजणारं, दुसरं साखर, कावीळ वगैरे तपासणारं. साखरेच्या मशीनला स्वतःचा छोटा पडदा होता, आकडे तिथेच दिसायचे. पेशींच्या मशीनला मात्र तोंडच नव्हतं. जे काय सांगायचं ते वायरीतून कॉम्प्युटरला सांगणार, आणि कॉम्प्युटर आम्हाला.

२०१५ साली तो कॉम्प्युटर मेला. जुना होता, एक दिवस उठलाच नाही. मशीनवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, या मशीनचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, तुम्ही मशीनच नवं घ्या. डॉक्टरांनी फोन ठेवला. नवं मशीन ट्रस्टच्या आवाक्याबाहेरचं होतं, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. तेव्हा कुठल्याशा विश्वस्तांनी चिंचणीच्या आपल्या शेजाऱ्याला पाठवून दिलं. तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात आख्खी नोकरी काढून नुकतेच रिटायर झालेले, खिशाला टेस्टर लावलेले, बुटके, पोट सुटलेले गृहस्थ. आले, मेलेल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आतली डिस्क काढून रुमालात गुंडाळली आणि कोणाशी फारसं न बोलता चिंचणीला घेऊन गेले. मला वाटलं, गेली ती.

काही दिवसांनी ते परत आले ते ट्रस्टने घेतलेला एक साधा नवा कॉम्प्युटर घेऊन. तो चालू केला, एक चौकट उघडली, आणि त्या चौकटीत आमचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा उठून बसला. पडद्यावरचा तोच हिरवा डोंगर, तेच निळं आकाश, मी डाव्या कोपऱ्यात ठेवलेल्या फाइलीसुद्धा जागच्या जागी. फरशी पुसणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन बघत होत्या. त्या घाबरून म्हणाल्या, "ह्यो तर मेला व्हता ना?"

"मेलेला नाही मावशी," काका म्हणाले, "त्याला याच्या पोटात घेतलाय."

तेव्हापासून त्याचं नाव पोटातला. सकाळी आल्यावर आम्ही एकमेकींना विचारायचो, "पोटातला उठला का?" बाहेरून कोणी ऐकलं असतं तर आम्हाला प्रसूती विभागातल्याच समजलं असतं.

पण पोटातल्याला एक अडचण होती. त्याला डोळे, कान, हात काहीच नव्हतं. वायर लावली की ती बाहेरच्या कॉम्प्युटरला लागायची. बाहेरच्याने ती सोडून आत दिली तरच पोटातल्याला मिळणार. काका हे समजावताना रंगात यायचे. "वस्तू एका वेळी एकाच घरची. घरजावई आहे तो. इकडे जेवतो तर तिकडे पान वाढायचं नाही," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. हे सगळं ते अंगावर बेतल्यावर शिकले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐटीत सांगितलं, "जे जे जोडू ते ते सगळं आतल्याला," आणि बटण दाबलं. त्या क्षणी माउसही आत गेला, कीबोर्डही आत गेला, आणि बाहेरचा कॉम्प्युटर लुळा होऊन बसला. चौकट बंद करायची तर हातात काही नाही. काकांनी माउस दोनदा हलवून पाहिला. मग खाली वाकले, भिंतीतली पिन उपटली आणि म्हणाले, "चहा घेऊ."

त्यानंतर त्यांनी आपले तीन प्रश्न बसवले. मशीन कॉम्प्युटरशी बोलेनासं झालं की क्रमाने विचारायचं: बाहेरच्याने पाहिलं का? बाहेरच्याने सोडलं का? आतल्याने घेतलं का? ज्या प्रश्नाला 'नाही' येईल तिथे बसायचं, पुढे पळायचं नाही. मला हे प्रश्न इतके पाठ झाले की घरी मिक्सर बंद पडला तरी मी मनात तेच म्हणायची. कधी पोटातला झोपेतून उठल्यावर वायर विसरायचा, कधी बाहेरचा कॉम्प्युटर स्वतःहून अपडेट व्हायचा आणि वायर सोडायला तयारच व्हायचा नाही. अपडेटचा काकांना मनस्वी राग. "न विचारता घरात शिरायचं आणि खुर्च्या हलवून जायचं," असं ते म्हणायचे, आणि नंतर अर्धा तास तारापूरच्या कारखान्यात असं कधी होत नसे हे सांगायचे. ती गोष्ट लांबत जायची. मी नळ्या धूत हो हो म्हणायची.

आमच्याकडे ते आठवड्यातून दोनदा यायचे. चिंचणीहून डहाणू, डहाणूहून तलासरीची एसटी, तिथून शेअर जीप. येताना पिशवीत सुके बोंबील नाहीतर सोडे, आणि ते नेहमी मावशींसाठी. मावशी वारली समाजातल्या, जवळच्या पाड्यावरच्या. त्यांना खाडीची मासळी मिळायची, समुद्राची कधीमधी. परतफेड म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्या काकांना रानातून शेवळांची भाजी आणून द्यायच्या, खाज काढायला सोबत मूठभर आंबट काकडं. कधी कंद, कधी करवंदं. "आमच्या हिने शेवळात सुकट घातली होती," असं काकांनी सांगितलं की मावशी तोंड वाकडं करायच्या. शेवळात सुकट घालू नये असं त्यांचं ठाम मत होतं, आणि हा वाद दर वर्षी नव्याने व्हायचा. दुपारी जेवणानंतर काका बाहेरच्या बाकावर आडवे व्हायचे. त्या वेळात मशीनने पेट घेतला असता तरी त्यांना उठवायचं नाही असा दंडक होता.

त्यांची आणखी एक सवय लक्षात यायला मला वेळ लागला. काही बिघडलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "कोणी केलं?" काका तो प्रश्न विचारत नसत. एकदा वॉचमनने रात्रपाळीत आपला मोबाइल आमच्या कॉम्प्युटरला चार्जिंगला लावला. पोटातल्याने तो आत ओढून घेतला, आणि सकाळी पेशींचे आकडे दिसायच्या जागी वॉचमनच्या मेहुणीच्या हळदीचे फोटो यायला लागले. मी तावातावाने वॉचमनला बोलवायला निघाले. काका म्हणाले, "थांबा." मग त्यांनी वॉचमनला खुर्ची दिली आणि विचारलं, कुठल्या पोर्टला लावला, तेव्हा चौकट उघडी होती का, आधी काय चालू होतं. वॉचमनने सगळं सांगितलं, अगदी त्याने गाणी लावली होती तेसुद्धा. तो गेल्यावर काका मला म्हणाले, "ताई, नाव विचारलं की माणूस गप्प होतो. क्रम विचारला की बोलायला लागतो. कारखान्यात हे शिकायला मला फार वर्षं लागली."

मला तेव्हा हे थोडं पोचट वाटलं होतं. मी डहाणूच्या बाजारात वाढलेली. आमच्याकडे आधी आवाज चढवतात, मग विचारतात.

२०१७ साली मावशींची सून गरोदर होती. तिला सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घराघरांत आहे, आणि अशा बाईचं बाळंतपण म्हणजे डॉक्टरांच्या जिवाला घोर. दर थोड्या दिवसांनी तिचं रक्त तपासायचं, पेशी किती खाली आल्या ते बघायचं, गरज पडली तर वेळेत मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. ती पाड्यावरून चालत यायची, मावशी तिला लॅबच्या दाराशी बसवायच्या, मशीन घुर्र करून थांबायचं आणि पोटातला आकडे दाखवायचा. मावशींना आकडे वाचता येत नसत. त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. श्रावणात ती सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. तेव्हापासून मावशी त्या मशीनवरून फडकं फिरवताना लहान मुलाचं अंग पुसावं तशा पुसायच्या.

आमच्या हॉस्पिटलात खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होई. ऑपरेशनचे चिमटे, ऑटोक्लेव्ह, जीप, जनरेटर, झाडूसुद्धा. लॅबची पूजा मावशींकडे. दर वर्षी त्या मशीनना जागच्या जागी हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल ठेवायच्या, खोबऱ्याचा तुकडा वाटायच्या. त्या वर्षी नवमीला माझी सुट्टी होती. दसऱ्यानंतर मी कामावर आले तर दोन्ही मशीनं जागेवर, कपाळी टिळा, डोक्यावर सुकलेला झेंडू. पहिली नळी लावली. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि पोटातला ढिम्म. एकही आकडा आला नाही.

मी तिन्ही प्रश्न विचारले. बाहेरच्याला वायर दिसत होती. बाहेरच्याने सोडली होती. आतल्याने घेतली होती. तिन्ही उत्तरं 'हो', आणि मशीन मुकं. असं याआधी कधी झालं नव्हतं. मी काकांना फोन केला.

इथे वायरींचं थोडं सांगायला हवं. दोन्ही मशीनं कॉम्प्युटरला जोडायला एकसारख्या दोन निळ्या वायरी होत्या, इतक्या एकसारख्या की कॉम्प्युटरलाही त्यांतला फरक कळत नसे. म्हणून काकांनी ठरवून दिलं होतं: मागच्या बाजूचा खालचा पोर्ट पोटातल्याचा, वरचा बाहेरच्याचा. पेशींच्या मशीनची वायर खालच्या पोर्टला, साखरेच्या मशीनची वरच्याला, आणि ओळखायला पेशींच्या वायरीच्या पोर्टकडच्या टोकाला लाल पट्टी. दुपारी काका आले आणि आधी त्यांनी तेच पाहिलं. लाल पट्टी खालच्या पोर्टला, जिथल्या तिथे. "मग इथे काही नाही," म्हणाले आणि पोटातल्याच्या मागे लागले. त्याची जुनी प्रत काढून लावली. काही नाही. नवी निळी वायर घरून आणली होती, ती लावावी का असा विचार केला, मग म्हणाले, वायर तर दिसतेय, वायरीचा दोष नाही. बाहेरच्याला शिव्या घातल्या. अपडेटला घातल्या. दुपारची झोप घेतली नाही. संध्याकाळी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "याचाच जीव गेला बहुतेक," आणि मशीनकडे बोट केलं.

दिवसभर मी हिमोग्लोबिन हाताने काढत होते, पेशी मायक्रोस्कोपखाली मोजत होते. दारात रांग. शेवटची जीप निघायची वेळ झाली तसे लोक रिपोर्ट न घेताच उठून गेले. डॉक्टर आत आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. नाही उठलं तर रक्त डहाणूला पाठवायचं. लॅब बंद करू. किती दिवस असं ढकलायचं?"

रक्त डहाणूला पाठवणं सोपं होतं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला असता आणि तो घ्यायला पाड्यावरच्या बाईला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून यावं लागलं असतं. ती आली नसती. हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं, म्हणून तर त्यांचा आवाज इतका कोरडा होता. मावशी दारापाशी फरशी पुसत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. काका चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. सून बाळंत झाली त्या दिवशीसुद्धा आलेली बाई. काका पहिल्या एसटीने आले होते आणि कॉम्प्युटरच्या मागे डोकं घालून बसले होते. मी म्हटलं, "आज झाडलोट पण माझ्याच नशिबी. मावशी नाहीत." काका बाहेर आले. मशीनच्या कपाळावरच्या टिळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हा टिळा कोणी—" म्हणाले आणि स्वतःच थांबले. "टिळा कधी लावला?"

"नवमीला."

"चला," त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. "आधी मावशी. मशीन मग."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. संध्याकाळपर्यंतची मुदत आणि हे निघाले पाड्यावर. पण मी गेले. डांबरी रस्ता सोडून बांधावरून चालत होतो. भात पिवळं पडलं होतं, कापणीला आलेलं. काकांना धाप लागत होती, तरी मध्येच थांबून ते, हे कुठलं भात, नागली कुठे लावतात, असलं काहीबाही विचारत होते. कुडाच्या घराच्या ओटीवर सून बाळाला घेऊन बसली होती. आम्हाला पाहून ती उठून उभी राहिली. काका सारवलेल्या ओटीवर मांडी घालून बसले, पाणी मागून प्यायले आणि त्यांनी बाळाच्या पायाला हात लावून पाहिला. बऱ्याच वेळाने मावशी मागच्या बाजूने आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"मी उद्या येनारच व्हती, साहेब," त्या म्हणाल्या. एरवी त्या त्यांना काका म्हणत.

बाळाच्या पायाला हात लावून पाहिला. सुनेने कोरा चहा आणला. मग काका म्हणाले, "मावशी, नवमीची पूजा कशी केलीत? पहिल्यापासून सांगा. शांतीथी, घाई नाही." मनापासून बोलताना त्यांच्या तोंडी कारखान्यातल्या दोस्तांची गुजराती यायची.

मावशी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आंग धुवून आली. खोली पुसली. पाट मांडला."

"पाटावर काय ठेवलं?"

"मशीन. रक्ताचां नि बाजूला साखरेचां."

काकांचा चहा ओठाजवळ थांबला. "मशीन तर वायरीत अडकलेलं. पाटावर कसं आलं?"

मावशी खाली बघायला लागल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दर साली वरच्यावर टिळा लावते. ह्या साली म्हटलां, माझे सुनेला त्यानी तारली, पाटावर बसवून नीट करू. मागचे वायरी काढल्या. चमच्याचे दांड्यानी त्यांचे पेच उघडले. मागून परत लावल्या ना, साहेब. जशा व्हत्या तशाच लावल्या."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं आता ओरडणार. ते हसत होते. "मी आख्खा दिवस कॉम्प्युटरच्या मागे डोकं घालून बसलो," ते मला म्हणाले, "मशीनच्या मागे एकदा वाकून बघितलं नाही. पेच मीच आवळलेत, ते कोण उघडणार, असं धरून चाललो." मग मावशींकडे वळले, "चला. पूजा परत करायची."

"परत?"

"तशीच. तोच पाट, तोच चमचा. तोंडाने सांगताना माणूस काहीतरी गाळतो. हात गाळत नाहीत."

दुपारी आमच्या लॅबमध्ये दुसऱ्यांदा खंडेनवमी झाली. मावशींनी पाट मांडला. चमच्याच्या दांड्याने पेच उघडले, वायरी बाजूला ठेवल्या, दोन्ही मशीनं माझ्या मदतीने पाटावर आणली, ओल्या फडक्याने पुसली, हळद, कुंकू, अक्षता, फूल. काका डोक्यावर रुमाल टाकून समोर मांडी घालून बसले होते आणि डोळे मावशींच्या हातांवर. मावशींनी नारळ ओवाळला नेमक्या त्या वेळी डॉक्टर आत आले.

"हे काय चाललंय?"

"तपास," काका म्हणाले, मान न वळवता.

डॉक्टर भिंतीला टेकून उभे राहिले. मशीनं परत टेबलावर गेली. आता मावशी त्यांच्या मागे वाकल्या आणि हाताला आधी लागली ती वायर जवळच्या मशीनला लावायला लागल्या. वायरीचं दुसरं टोक लाल पट्टीचं, आणि जवळचं मशीन साखरेचं.

"थांबा!"

मावशींच्या हातातून चमचा पडला. काका गुडघे धरत उठले, चमचा उचलून त्यांना परत दिला. "घाबरू नका. सापडलं, मावशी. तुमच्याच हाताने सापडलं."

म्हणजे झालं होतं ते एवढंच. पोटातला इमानेइतबारे आपल्या पोर्टवर कान लावून बसला होता, पण त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला साखरेचं मशीन होतं, आणि त्याला पोटातल्याशी बोलायचं काही नव्हतं. तिन्ही उत्तरं खरी होती. वायरींची टोकं अदलाबदल केली. मी नळी लावली. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि त्या हिरव्या डोंगरावर आकडे भराभर उतरायला लागले. मला रडू आलं. माझी नोकरी, ती रांग, सगळंच त्या आकड्यांत होतं. मी तोंड फिरवून फ्रिज उघडला आणि उगाच आतल्या बाटल्या सारख्या केल्या.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मग विचारलंच, "पण चूक कोणाची होती?"

मावशी दारात होत्या. काका म्हणाले, "माझी. वायरीच्या एका टोकाला खूण केली, दुसऱ्याला केलीच नाही. ती केली असती तर मावशींनी बरोबर लावली असती."

हा मोठेपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि पुढचा आठवडाभर ते त्यासाठी स्वतःवर चिडून होते. त्यांनी चारही टोकांना पट्ट्या लावल्या, लालला लाल, पिवळ्याला पिवळी. मशीनच्या पाठीवरही तशाच. आणि चिंचणीच्या सुताराकडून दोन सागवानी पाट करून आणले, जाड, चार पायांचे. दोन्ही मशीनं त्यांवर कायमची बसवली. "आता वर्षभर पाटावरच आहेत," मावशींना म्हणाले, "उठवायचं कामच नाही." मावशींनी पाटांवर तांदळाच्या पिठाने चौक काढला. पीठ आत जाईल म्हणून काका अस्वस्थ झाले, पण गप्प बसले.

पुढची दीडेक वर्षं लॅब पोटातल्याच्याच जोरावर चालली. मीही बदलले असेन थोडी; आवाज चढवायच्या आधी एक घोट पाणी पिते. २०१९च्या उन्हाळ्यात कोणा दात्याने नवं मशीन दिलं, स्वतःचा मोठा पडदा असलेलं. त्याला पोटातला नको होता, बाहेरचाही नको होता. काकांनी ते येऊन पाहिलं, मागून पुढून फिरले, जोडायला काही शिल्लक नाही म्हटल्यावर "बराबर आहे" म्हणाले आणि बाकावर जाऊन झोपले. त्यानंतर त्यांच्या खेपा कमी झाल्या. छातीचं दुखणं होतं, ते आम्हाला सांगितलं नव्हतं. पावसाळा संपता संपता चिंचणीहून फोन आला.

मी आणि मावशी गेलो. काकींनी आम्हाला बसवलं, चहा दिला. घरातला टीव्ही बंद पडलेला होता, दिवाणखान्यातला पंखाही. काकी म्हणाल्या, "जगाचं दुरुस्त करायचे. घरचं म्हटलं की उद्या." आणि पदर डोळ्यांना लावला. निघताना काकींच्या हातात मावशींनी एक पुरचुंडी दिली, नागलीच्या पिठाची.

डहाणूची एसटी जवळजवळ रिकामी होती. वाटेत मावशी आपणहून म्हणाल्या, "बाय, आमचे पाड्यावर साहेब येतो ना, तवा कुनाचां तरी कायतरी हरवलेलां असतां. त्या दिशी तुम्ही दोघां बांधावरून येताना बघितली नि मी मागल्या दारानी पळाली. रानात जाऊन बसली. सुनेला सांगितलां, मला नेली तर तू पोराला घेऊन आईकडं जा."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं होतं आणि यातलं मला काही माहीत नव्हतं.

"मग परत कशा आलात?" मी विचारलं.

"पोरासाठी मागारी आली नि कुडाआडून ऐकत व्हती. ह्यो ओरडंल, मंग जाईन म्हटलां. तर ह्यो पानी मागतो. पोराचा पाय बघतो. मंग आली." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "नि मला इचारतो, मावशी, पूजा कशी केली. येवढे वर्षं मी हाताखाली काम केलां, बाय. हे का केलां, ते का नाय केलां, सगल्यांनी इचारलां. तू कसां करते, ते कुनी इचारलां नाय."